सातशे दोनची राहिलेली कामं

साइट ऑफिस, उलवे
१० नोव्हेंबर

दादूस,

आत्याच्या दिपेशने तुझ्या बोटींच्या यार्डचा पत्ता दिला. त्याच्यावर चिडू नकोस, मी मागे लागले म्हणून दिला. फोन तू उचलणार नाहीस आणि मेसेज वाचून न वाचल्यासारखा करशील. पाकीट आलं की माणूस निदान फोडून तरी बघतो, म्हणून पत्र लिहितेय.

कामाचं आधी सांगते. बिल्डिंग झाली. लिफ्ट चालू आहे, पाणी आलंय, गेटवर वॉचमन बसलाय. आता नुसती राहिलेली कामं आहेत. त्यांना आमच्याकडे स्नॅग म्हणतात. न लागणारी कडी, पोकळ वाजणारी लादी, रंगाचा सुटलेला कोपरा, असलं सगळं. फ्लॅटवाले येतात, घरभर फिरून खोड काढतात, मी लिहून घेते, दुरुस्त करून देते, मग ते सही करतात आणि चावी घेऊन जातात. एकेक करून सगळे येऊन गेले. जे परदेशात आहेत त्यांचे सासरे, मेहुणे येऊन गेले. तुझा सातशे दोन तेवढा कोणी बघितलेला नाही.

'तुझा' म्हटलं की तुला राग येईल, माहीत आहे. पण कागदावर तुझंच नाव आहे. बिल्डरला दिलेल्या जागेच्या बदल्यात आपल्याला दोन फ्लॅट मिळाले, आई-बाबांचा दोनशे एक आणि तुझा सातशे दोन. माझ्या नावावर काही नाही. मला कोणी विचारलं नाही आणि मीही विचारायला गेले नाही.

एक दिवस ये. सकाळी उतर, फ्लॅट बघ, सही कर, संध्याकाळी परत जा. करावेला घरी नाही आलास तरी चालेल. म्हणजे आईला चालणार नाही, पण मी सांभाळून घेईन. ती अजून दोनशे एकमध्ये राहायला जायला तयार नाही. "केतनने त्याचा घर बगल्याशिवाय मी माज्या घरात पाय ठेवनार नाय," म्हणते. त्यामुळे आमचं सामान अर्धं बांधलेलं आणि अर्धं वापरातलं आहे. चहाची गाळणी शोधायला खोकं उघडावं लागतं.

आई बरी आहे, गुडघे सोडले तर. बाबा मजेत आहेत. रोज माझ्या स्कूटीवर मागे बसून साइटवर येतात. तेवढाच त्यांचा वेळ जातो.

वेरावळला थंडी पडते का रे? इथे अजून घाम येतो.

तुझी,
सुची


उलवे
२ डिसेंबर

दादूस,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असावं असं मी धरून चालते.

गेल्या आठवड्यात जयप्रकाश सर तळोज्याच्या नव्या साइटवर गेले. ते आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, पाया खणला तेव्हापासून इथे होते. बिलिंगवाला, स्टोअरवाला, सेफ्टीवाला, सगळे त्यांच्याबरोबर गेले. जाताना सर म्हणाले, "सुचिता, शेवटची तू. दिवे मालवून ये." सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले तर भिंतीवरचे सगळे ड्रॉइंग काढून नेलेले होते, टेपचे तुकडे तेवढे राहिले होते. आता मी आहे, वॉचमन आहे आणि कोंडिबा आहे. कोंडिबा बीडकडचा. मूळ काम प्लंबिंगचं, पण शेवटी शेवटी जो उरतो तो सगळंच करतो. बिजागरी बसवतो, सिलिकॉन भरतो, डाग पुसतो. तुझ्याच वयाचा असेल.

माणसं कमी झाली की बिल्डिंगचा आवाज बदलतो. आधी कटरचा, ग्राइंडरचा, कामगारांच्या मोबाइलवरच्या गाण्यांचा कल्ला असायचा, मला डोकं दुखतं म्हणून मीच ओरडायचे. आता चौथ्या मजल्यावर दार आपटलं की तळमजल्यावर मी दचकते. फ्लॅट बरेचसे गुंतवणुकीचे. चावी घेऊन गेलेले लोक राहायला येत नाहीत. बाल्कन्या झाल्यात, पण एकातही कपडा वाळत नाही.

पाचशे चारच्या वैजयंतीबाई मात्र येणार म्हणतात. काल चौथ्यांदा स्नॅग काढायला आल्या होत्या. काठीने एकेक लादी वाजवून बघतात, एखादी बद्द वाजली की खडूने फुली मारतात. कोंडिबा वैतागतो. मला बरं वाटतं. कोणीतरी ह्या घरात झोपायचा, जेवायचा विचार करतंय, एवढ्याने बरं वाटतं.

एक गंमत सांगते. साइटवर सगळे मला मॅडम म्हणतात ना, ते ऐकून ऐकून बाबाही मला मॅडम म्हणायला लागलेत. "मॅडम, च्या पिनार का?" मी पण म्हणते, "हो, पिऊ या."

तुझा फ्लॅट मी उघडला होता. बघितला नाही, नुसत्या खिडक्या उघडल्या, हवा खेळावी म्हणून. बाल्कनीतून खाडी दिसते. पलीकडे आपलं करावे गाव असेल, पण टॉवरच्या गर्दीत ओळखू येत नाही.

तू जाताना मला म्हणाला होतास, "तुला नोकरी मिळाली, मला बोर्ड." ते मी विसरले नाही. मस्कतहून तू येणार, ह्या जागेवर स्वतःचं घर बांधणार, खाली वर्कशॉप टाकणार, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तू विमानतळावरून थेट जागा बघायला गेलास आणि तिथे बिल्डरचा बोर्ड होता. बाबांनी सही केली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, तुला पटलं नाही. नोकरी मला पुढे सात-आठ महिन्यांनी, तू वेरावळला जायच्या थोडं आधी लागली, तीही जागावाल्याची मुलगी म्हणून लागली असंच सगळे म्हणतात. म्हणू देत. पण तू सुद्धा?

असो. सातशे दोन बाकी आहे.

सुची


उलवे
२१ डिसेंबर

दादूस,

आज खरं लिहायला बसलेय. आधीच्या दोन पत्रांत मी बाबा मजेत आहेत असं लिहिलं. तसं नाही.

बाबा विसरतात. सुरुवात नावं विसरण्यापासून झाली, आता माणसं विसरतात. गेल्या वर्षी एकदा करावेच्या जेट्टीकडे निघाले आणि परतीची वाट विसरून गेले. दिवाळे गावच्या एका मासळीवाल्या बाईने ओळखलं, रिक्षात घालून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, हे मागे फिरणारं नाही, सांभाळायचं फक्त. आईला गुडघ्यांमुळे त्यांच्या मागे पळता येत नाही, म्हणून मी त्यांना साइटवर आणते. वेळ जावा म्हणून नाही. आणि ते मला मॅडम म्हणतात त्यात गंमत काही नाही. त्यांना मी खरंच मॅडम वाटते. परवा जेवताना माझ्याकडे बघून विचारत होते, "तू कोनाची गो?" मी त्यांचंच नाव सांगितलं, "गोटीरामची." तर म्हणाले, "हां, तो चांगला मानूस हाय."

तुला हे आधी कळवलं नाही, कारण तू दया येऊन आला असतास. मला तू तुझ्या मनाने यायला हवा होतास. आईचंही तेच म्हणणं होतं. आता वाटतं, आम्ही दोघी कसला मान धरून बसलो होतो.

गुरुवारी काय झालं ते सांगते. दुपारी मी टेरेसवर पाणी भरून ठेवलं होतं, कुठे गळतं का ते बघायला. खाली आले तर बाबांची खुर्ची रिकामी. वॉचमन म्हणाला, गेटबाहेर गेले नाहीत. मी आणि कोंडिबा एकेक मजला बघत चढलो. रिकाम्या बिल्डिंगमध्ये माणूस शोधणं काय असतं ते तुला सांगता येणार नाही. मी "बाबा" म्हणून हाक मारली की जिन्यातून तीच हाक परत यायची, आणि मला दर वेळी वाटायचं, त्यांनी ओ दिली.

सातव्या मजल्यावर तुझ्या दाराला आतून कडी होती. हवेसाठी मी उघडं ठेवलं होतं, ते आत शिरले असणार. चावी माझ्याकडे होती, पण आतली कडी चावीने कशी उघडणार? मी दार वाजवलं. आतून बाबा म्हणाले, "कोन हाय?"

"मी सुची. दार उघडा."

"मॅडम, काम होनार नाय आज. घर माज्या पोराचा हाय. तो आला का मंग या."

मी खूप समजावलं. शेवटी रडू यायला लागलं, तर त्यांनी उत्तर द्यायचंच बंद केलं. बाल्कनीची रेलिंग पक्की आहे, मीच तपासून घेतली होती, पण ते तिथे उभे असतील हे डोक्यातून जाईना. कोंडिबा पहार आणायला निघाला आणि दोन पायऱ्या उतरून थांबला. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "मॅडम, मी बोलू का?" मला कळलं त्याला काय करायचंय ते. मी मान हलवली.

तो दाराला तोंड लावून म्हणाला, "बाबा, मी केतन. दार उघडा."

लगेच कडी निघाली.

बाबांनी कोंडिबाकडे बघितलं. त्याच्या अंगावर सिमेंट, डोक्याला टॉवेल, बोलणं बीडचं. पण बाबांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याला आत नेलं. मी दारातच थांबले. ते त्याच्याशी थांबत थांबत बोलत होते. कोंडिबा नुसता हूं हूं करत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बाबा काय बोलले ते मी लिहिणार नाही. ते तुझं आहे. तू येऊन ऐक. डॉक्टर म्हणतात अजून काही दिवस त्यांचं मन मधूनमधून जागेवर येत राहील.

ये.

सुची


उलवे
१० जानेवारी

दादूस,

गेल्या आठवड्यात कुरियर आलं. पाकिटावर वेरावळ बघून मी ते ऑफिसात नेऊन, दार लावून फोडलं.

आत मुखत्यारपत्र. स्टॅम्प पेपर, वकिलाचा शिक्का, तुझी सही, तुझा अंगठा. माझ्या वतीने माझी बहीण सुचिता हिने सदर सदनिकेची पाहणी करावी, ताबा घ्यावा, पुढे विकायची झाल्यास तिनेच ती विकावी. दोन पानांमध्ये कुठे वेगळी चिठ्ठी अडकलीय का म्हणून मी पाकीट फाडून उलटं केलं. तारीख १९ डिसेंबरची आहे. म्हणजे माझं तिसरं पत्र तुला तेव्हा मिळालेलं नव्हतं. मी ह्याच एका गोष्टीला धरून बसलेय.

तुझा फोटो लावलाय त्यावर. पाच वर्षांनी बघितला तुला. दाढी पांढरी व्हायला लागली तुझी. आईला दाखवला नाही.

तर मग तू सांगितल्याप्रमाणे केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातशे दोनमध्ये गेले, तुझ्या वतीने. वैजयंतीबाईंसारखी काठी घेतली. तुझ्या बेडरूममध्ये खिडकीखालच्या दोन लाद्या बद्द वाजतात. बाथरूमचा उतार मोरीकडे नीट नाही, कोपऱ्यात पाणी थांबतं. किचनच्या सिंकखाली ओल आहे. ही सगळी कामं माझ्या देखरेखीखाली झालेली. मी माझ्याच चुका तुझ्यासाठी लिहून काढल्या आणि कोंडिबाने त्या दुरुस्त केल्या. ताब्याच्या कागदावर खाली दोन जागा असतात, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. मी दोन्हीकडे सह्या केल्या. इथे चावी देताना आम्ही पेढा देतो. मी दिला नाही, कोणाला देणार?

आता घरचं. त्या गुरुवारच्या प्रकारानंतर बाबांनी तुझी वाट बघणं सोडलंय. आधी दिवसातून कितीदा तरी विचारायचे, "केतन कवा येल?" आता विचारत नाहीत. शेजारची गोजराकाकी बसायला आली होती, तिला म्हणाले, "केतन आलता ना. भेटला मना." आई स्वयंपाकघरात होती. ती भिंतीला धरत धरत बाहेर आली. मला म्हणाली, "खरा? आलता?"

मला खरं सांगायचं होतं, पण गोजराकाकीसमोर कसं सांगू?

काकी गेल्यावर आई म्हणाली, "आला नि मना न भेटता गेला. एवरा राग हाय माजा त्याला?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. कोंडिबा, दार, कडी, सगळं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती खोक्यातलं मोठं पातेलं शोधायला लागली. मग म्हणाली, "त्या मानसाला जेवाला बोलव."

रविवारी कोंडिबा आला. धुतलेला शर्ट घालून आला होता. आईने तुझ्यासाठी करायची तसं केलं होतं, माशाचं कालवण, तळलेली बोयटं, तांदळाच्या भाकऱ्या. तो बिचारा माळकरी निघाला. ते त्याने आईला सांगितलंच नाही, मला हळूच म्हणाला, "मॅडम, नुसता भात चालंल का?" आईने ऐकलं. तशीच उठली, त्याला पिठलं करून दिलं. बाबा त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्या ताटात भाकरी वाढत राहिले. मला आतापर्यंत वाटत होतं, घरात केतन नाही हे दुःख आहे. त्या दिवशी केतन होता, आणि आम्ही दोघी भिंतीला टेकून बघत होतो.

आज कोंडिबा गेला. तळोज्यालाच. जाताना बाबांच्या पाया पडला.

आता ते लिहिते जे मी ठेवून दिलं होतं. तू येणार नाहीस हे कळलंय, मग ते माझ्याजवळ ठेवून काय करू? सातशे दोनमध्ये त्या दिवशी बाबा कोंडिबाला म्हणाले, "केतन, मी तुना इचारलं नाय रे. इचाराला पायजे होतं. गावच्या सगल्यांनी सह्या केल्या, मना वाटलं आपन मागं राहू. जागा तुजी पन होती. माजा चुकला. तू गेल्यापासून मी नीट जेवलो नाय." मग त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "वाळलास," म्हणाले.

एवढंच. शब्द कमीजास्त केलेला नाही.

सुची


करावे
२८ जानेवारी

दादूस,

काल संध्याकाळी तुझा फोन आला. तू काही बोलण्याआधीच मी ओळखलं. मागे कुठेतरी लाटा आणि ग्राइंडरचा आवाज होता, आणि तू नुसता श्वास घेत होतास. मी म्हटलं, "दादूस?" तर तू म्हणालास, "बाबांना दे."

मला तेव्हा विचारायला हवं होतं, थांबवायला हवं होतं. पण पाच वर्षांनी तुझा आवाज ऐकला होता. मी पळतच अंगणात गेले आणि फोन बाबांच्या कानाला लावला.

तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं, स्पीकर चालू नव्हता तरी. "बाबा, मी केतन."

बाबा म्हणाले, "केतन आलता. जेवून गेला." मग अगदी मऊपणे, जसं परक्याशी बोलतात तसं म्हणाले, "तुमी कोन?"

मी फोन काढून घेईपर्यंत तू ठेवला होतास. नंतर मी कितीदा लावला, बंद येतोय.

दादूस, त्यांनी तुला नाकारलं नाही. हे मला तुला ओरडून सांगायचंय आणि फोन बंद आहे, म्हणून लिहितेय. त्यांच्या हिशेबी तू आलास, त्यांना जे बोलायचं होतं ते तुझ्याशी बोलून झालं, तू त्यांना माफ केलंस. ते आता शांत झोपतात. हे सगळं माझ्या एका मान हलवण्याने झालं. मी ते तुझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं, असं तुला वाटत असेल तर वाटू दे. दार आतून बंद होतं. मला दुसरं काही सुचलं नाही.

माझं उलव्याचं काम शुक्रवारी संपतंय. सोसायटीकडे पंपाच्या, मीटरच्या, गच्चीच्या चाव्या दिल्या की संपलं. वैजयंतीबाई राहायला आल्या, बाल्कनीत त्यांचे दोन टॉवेल वाळत होते. मला पण तळोज्याला बोलावलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही, कारण बाबांना तिथे नेता येणार नाही.

आई पुढच्या आठवड्यात दोनशे एकमध्ये जायला तयार झाली. मी काही बोलले नव्हते. स्वतःच म्हणाली, "चल, जाव. किती दिवस खोक्यात रावाचा?" तुझं नाव काढलं नाही. हे मला जास्त लागलं.

तू ये. फोन करू नकोस, ये. मुखत्यारपत्राने माझ्याकडून जे होण्यासारखं होतं ते मी केलं. तुझ्या जागी बाबांजवळ बसणं माझ्याकडून होणार नाही. आलास की बाबा ओळखणार नाहीत, तयारी ठेवून ये. त्यांना पटवत बसू नकोस आणि नाव सांगू नकोस. बिल्डिंगच्या खालच्या बाकावर उन्हाला बसतात ते सकाळी. नुसता येऊन शेजारी बस. ते विचारतील, च्या पिनार का? हो म्हण.

सुची